बुचाच्या चकत्या

बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या दिशेने निघालं की वीसेक किलोमीटरवर असीरगड येतो आणि सातपुडा तिथे अंगावर यायला लागतो. दख्खनचा दरवाजा म्हणून ज्या किल्ल्याची ख्याती, त्याच्या पायथ्याचा हा चढ जुन्या मोटरसायकलींचीही परीक्षा घेतो. तापीकाठच्या केळीच्या बागांमधून येझदी, राजदूत, बुलेट, कुठलीही जुनी गाडी गोडच चालते. मालकाला वाटतं, गाडी एकदम ओके. मग चढ लागतो, मागे बसलेलं माणूस सीटला घट्ट धरतं, मालक मूठ पिळतो. इंजिन वरच्या पट्टीत ओरडायला लागतं आणि गाडी मात्र आहे त्याच चालीने रांगत राहते. थोड्या वेळाने डाव्या बाजूने करपट वास येतो. क्लच स्लिप मारतोय.

इथून पुढे बहुतेक मालक एकच वाक्य बोलतात: प्लेटा बदलून टाका. आणि इथूनच चांगला मिस्त्री आणि नुसता पाने फिरवणारा यांच्यातला फरक दिसायला लागतो. प्लेट बदलणं हे क्लचच्या दुरुस्तीतलं शेवटचं काम. त्याआधी केबल, लिव्हरची ढील, आतला स्क्रू, तेल, स्प्रिंगा, हाऊसिंग असा सगळा पाढा म्हणायचा असतो. जुन्या गाडीत तो पाढा गाळला, तर नव्या प्लेटाही थोड्याच दिवसांत जुन्यासारख्या वागायला लागतात. मग मालक दुकानदाराला शिव्या घालतो, दुकानदार मिस्त्रीकडे बोट दाखवतो आणि गाडी घराच्या ओसरीत झाकून ठेवली जाते. रावेर, सावदा, भुसावळपासून बऱ्हाणपूरपर्यंतच्या पट्ट्यात अशा झाकलेल्या गाड्या किती असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या गल्लीवरून करावा.

हा पाढा न गाळणारं एक गॅरेज सिंधीपुऱ्यात आहे. सिंधीपुरा हे बऱ्हाणपूरच्या तटातल्या एका दरवाजाचं आणि त्याला लागून असलेल्या मोहल्ल्याचं नाव. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांशी त्याचा संबंध लावायचा मोह होतो, पण वस्ती त्याहून कितीतरी जुनी. सोळाव्या शतकात सिंधमधल्या पाट गावाहून सूफी घराणी फारुकी सुलतानांच्या राज्यात आली आणि इथे स्थिरावली. शेख ईसा जुंदुल्लाह हे त्यांच्यातलं थोर नाव. दरवाजा ज्या तटात आहे तो अठराव्या शतकातल्या निजाम-उल-मुल्क आसफजाहाचा. तो स्वतः १७४८ मध्ये बऱ्हाणपुरातच वारला. मराठी वाचकाला हे शहर एरवी आठवतं ते मुमताजमहलच्या १६३१ मधल्या मृत्यूमुळे, नाहीतर १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेने इथे मारलेल्या छाप्यामुळे. खवय्यांना ते मावा जिलेबीमुळे आठवतं आणि माझं मत विचाराल तर ते सर्वांत सबळ कारण आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. बऱ्हाणपूर हे मागांचं गाव आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांच्याच माळेतलं. लालबागेतली ताप्ती मिल आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतले यंत्रमाग यांवर इथल्या पिढ्या जगल्या. साधा यंत्रमाग हे असं यंत्र आहे की ते म्हातारं झालं म्हणून कोणी टाकत नाही. बुश झिजला की बुश, गिअरचा दात गेला की गिअर, चामडं फाटलं की चामडं, माग चालूच. मोठ्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग छोट्या गावांत पुन्हा उभे राहिले, हा तर देशभरच्या यंत्रमाग धंद्याचा इतिहासच आहे. मागावर धोटा किती जोरात फेकला जातो, तो कुठे अडकतो, बाणा तुटल्यावर माग जागच्या जागी थांबतो की दोन फेरे जास्त मारतो, हे कानाने ओळखणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात. अशा गावात लेथवाला असतो, वेल्डिंगवाला असतो, पितळेचा बुश कातून देणारा असतो. मुख्य म्हणजे, कंपनीने सुटा भाग बनवणं बंद केलं म्हणजे यंत्र संपलं, असं मानायची इथे रीत नाही. जुन्या मोटरसायकलीला आणखी काय हवं?

इथल्या गॅरेजातली भाषाही अशीच जोडकामाची. मालकाशी मराठीत, पोऱ्याशी हिंदीत, शेजारच्या लेथवाल्याशी उर्दूच्या वळणाने, आणि गाडीशी बोलायची वेळ आली तर त्या क्षणाला सुचेल त्या भाषेत. वयस्क मिस्त्रीला मुसलमान मोहल्ल्यात सगळेच उस्ताद म्हणतात. रावेरकडून आलेला लेवा पाटील शेतकरी त्यांनाच भाऊ म्हणतो आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही.

*

समोर आहे ती येझदी. उजव्या बाजूला आडवी कलती ठेवली आहे, म्हणजे उजव्या अंगाला भिंत आणि डावं अंग उजेडाला. तेल आधीच परातीत काढलेलं. मिस्त्रीने ते फेकलं नाही. बोटांच्या चिमटीत चोळून पाहिलं, मग नाकाशी नेलं. हे पहिलं निदान. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनला लागणारं तेल पेट्रोलमधून जातं आणि गिअर-क्लचचं तेल वेगळं असतं. या दोघांच्या मध्ये क्रँकच्या डाव्या टोकाला एक ऑइल सील असतं. ते कडक झालं की दोन्हीकडची हद्द संपते. गिअरचं तेल इंजिनात ओढलं जातं, सायलेन्सर पांढरा धूर ओकतो, तेल कमी होत जातं. किंवा उलट, गिअरच्या तेलाला पेट्रोलचा वास मारतो आणि ते पातळ पडतं. पातळ तेलात क्लच वाईट वागतो आणि दोष प्लेटांवर येतो. म्हणून क्लच उघडलाच आहे तर ते सील बदलून घ्यावं. स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला हेच सगळं पुन्हा खोलावं लागतं.

दांडा काढायचा म्हणजे येझदीचं सगळ्यात प्रसिद्ध वैशिष्ट्य हातात घ्यायचं. या गाडीला किक आणि गिअर यांचा एकच दांडा. खाली असताना गिअर. आत दाबून वर फिरवला की किक. नवख्या माणसाला गाडी चालू करता येत नाही आणि मालक कट्ट्यावर बसून मजा बघतात, हा जुना खेळ. त्याच दांड्याच्या पोटात दुसरी करामत दडलेली आहे. पायाने गिअर दाबला की आतली रचना आधी क्लच उचलते आणि मग गिअर पडतो. चालत्या गाडीत हाताचा लिव्हर न धरताही गिअर बदलता येतो. त्या काळच्या चेक अभियंत्यांनी हे चालवणाऱ्याच्या सोयीसाठी केलं. आज त्याचा फटका आळशी दुरुस्तीला बसतो. कारण क्लचला आता दोन धनी झाले, हाताची केबल आणि पायाचा दांडा. दोघांची ढील एकमेकांशी जुळवावी लागते. पायाकडून दाब थोडा जास्त राहिला तर क्लच कायम अर्धवट उचललेला राहतो आणि घसरत घसरत स्वतःला जाळतो. कमी राहिला तर गिअर टाकताना खड्डकन आवाज येतो. नव्या प्लेटा आणून बसवल्या, ही ढील जुळवली नाही, तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

कव्हर सुटलं. आतमध्ये प्रायमरी चेन, क्रँकवरचं छोटं स्प्रॉकेट आणि क्लचचं हाऊसिंग. चेनला जोड नसतो, त्यामुळे छोटं स्प्रॉकेट आणि हाऊसिंग दोन्ही एकदमच बाहेर ओढावी लागतात. स्प्रॉकेट निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं आणि त्याला पुलरच हवा. हातोडीने मागून ठोकून काढायची रीत आहे. क्रँक वाकडा करायची तीच रीत आहे. मधल्या नटाला हात लावण्याआधी आटे सरळ आहेत की उलटे हे त्या मॉडेलच्या जाणत्याला विचारून घ्यावं. जोर लावून नट निघत नसेल तर आणखी जोर लावण्याआधी माणसाने चहा घ्यावा, हा सल्ला मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही, पण तो मोलाचा आहे.

स्प्रिंगा सुटल्या आणि प्लेटा एकेक करून भाकरीच्या चवडीसारख्या फडक्यावर उतरल्या. एक घर्षणाची, एक लोखंडी, एक घर्षणाची, एक लोखंडी. घर्षणाच्या प्लेटांना बाहेरच्या कडेला कान असतात. ते हाऊसिंगच्या खाचांत अडकतात, म्हणजे त्या इंजिनबरोबर फिरतात. लोखंडी प्लेटांना आतल्या कडेला दात असतात. ते मधल्या हबवर बसतात, म्हणजे त्या गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा ही सगळी चवड दाबून धरतात तेव्हा इंजिन आणि चाक एक होतात. लिव्हर दाबला की चवड सैल पडते आणि दोघं वेगळी. क्लच म्हणजे एवढंच. एका प्लेटऐवजी चारपाच ठेवायचं कारणही सरळ आहे: घासणाऱ्या बाजू जितक्या जास्त तितकी पकड जास्त, आणि स्प्रिंगा राक्षसी न करता, म्हणजे डाव्या हाताची बोटं न मोडता, ती पकड मिळते.

प्लेटा मोजायच्या आधी मिस्त्रीचं बोट गेलं हाऊसिंगच्या खाचांत. प्लेटांचे कान वर्षानुवर्षं आपटून त्या खाचांच्या कडांना खड्डे पाडतात. नखाला लागतील एवढेच, पण लिव्हर दाबल्यावर प्लेट सरकायची ती या खड्ड्यात अडकते. मग गाडी गिअरमध्ये उभी असताना पुढे पुढे सरकते, चौकात न्यूट्रल सापडत नाही आणि मालक म्हणतो, क्लच चिकटतोय, नव्या प्लेटा टाका. त्याला नवी प्लेट काय करणार? इथे कानस लागते. बारीक कानशीने खाचेची भिंत सरळ करायची, तीही सगळ्या खाचा सारख्या, नाहीतर भार एकाच कानावर येतो. खड्डे फार खोल असतील तर हाऊसिंगच गेलं. मग जुन्या गाडीच्या भंगारातून चांगलं शोधा, किंवा कडेला धातू भरून लेथवर साफ करून घ्या. मागाचे गिअर वर्षानुवर्षं हेच सोसत आलेले असल्याने इथल्या लेथवाल्याला या कामात नवल वाटत नाही.

लोखंडी प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून पाहायच्या. बोटाने दाबल्यावर टकटक वाजली तर प्लेट वाकली. निळसर डाग दिसले तर ती तापली होती. स्प्रिंगा एका रांगेत उभ्या करायच्या. एखादी बाकीच्यांपेक्षा ठेंगणी दिसली की तिच्या बाजूने चवड सैल राहते. एकच बदलून भागत नाही, पूर्ण संच बदलायचा. हे सगळं झाल्यावर, आता, प्लेटांची पाळी.

*

या प्लेटा बुचाच्या. जुन्या जावा-येझदीत घर्षणाच्या प्लेटांवर बूच असतं, मिस्त्री त्यांना कॉर्क प्लेट म्हणतात. बाटलीच्या तोंडाला लावायची वस्तू इंजिनाची ताकद पेलते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. पोर्तुगाल हा त्याचा घरमालक. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच तिथून येतं. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल सोलतात आणि पुढे दर नऊ वर्षांनी. झाड तोडत नाहीत. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली याच बुचाचा पातळ काप धरला आणि त्यात दिसलेल्या बारीक बारीक कप्प्यांना पेशी हे नाव दिलं. जीवशास्त्राचा एक पायाभूत शब्द बाटलीच्या बुचातून निघाला. ते कप्पे हवेने भरलेले. म्हणून बूच दाबलं की दबतं, सोडलं की उसळतं, आणि दाबताना बाजूला फुगत नाही. क्लचच्या दृष्टीने लाखाची गोष्ट पुढे आहे: तेलात भिजलं तरी त्याची पकड सुटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेलात बुडणाऱ्या क्लचसाठी बुचाइतका स्वस्त आणि गोड वागणारा पदार्थ दुसरा मिळणं अवघड होतं. मोटारींतही ते वापरात होतं.

त्याचा शत्रू उष्णता. अर्धा क्लच धरून चढावर गाडी लटकवत ठेवली की बूच करपतं, काळं पडतं आणि काचेसारखं गुळगुळीत होतं. दुसरा शत्रू आहे कोरडेपणा. तेल काढून गाडी वर्षानुवर्षं उभी ठेवली की बूच सुकून आकसतं. कोणाकडे वडिलांची येझदी अशी पडून असेल तर कव्हर उघडताच बुचाचे तुकडे तेलाच्या गाळात पडलेले दिसतील, आणि त्यात कोणाचीही चूक नसते.

नवी कॉर्क प्लेट आणली की ती तेलात भिजत घालायची, शक्यतो रात्रभर. कोरडी बसवली तर पहिल्याच चढावर करपते. ही पायरी लोक गाळतात, कारण गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघत असतं. सिंधीपुऱ्यातल्या या येझदीच्या प्लेटा मात्र संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात तेलात टाकल्या गेल्या आणि मालकाला सकाळी या म्हणून सांगितलं गेलं. मालक कुरकुरला. माझ्या मते मिस्त्रीचा अर्धा दर्जा या कुरकुरीला बधण्या न बधण्यावर ठरतो.

एक इशारा इथेच दिलेला बरा. बुचानंतर घर्षणासाठी जे कडक मिश्रणाचे पदार्थ आले, त्यांत दीर्घकाळ ॲस्बेस्टॉस असायचं. जुन्या ब्रेकच्या, जुन्या क्लचच्या धुळीत ते असू शकतं आणि फुप्फुसाला ते घातक आहे. कंप्रेसरच्या हवेने धूळ उडवून साफ करायची सवय सोडलीच पाहिजे. ओल्या फडक्याने पुसावं. पोऱ्याला त्या धुळीसमोर बसवून ‘फुंक’ म्हणणारी गॅरेजं आजही आहेत, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तेलाचंही तसंच. आजच्या मोटारींच्या इंजिन तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. पेट्रोल वाचतं, पण ओला क्लच घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ हा जपानी दर्जाचा शिक्का असेल तर ते तेल ओल्या क्लचला चालतं असं समजायचं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पुष्कळ मिस्त्री साधं एकाच ग्रेडचं तेल पसंत करतात, आणि त्यांचं चूक नाही. महाग तेल घातलं म्हणून क्लच खूष होत नाही.

*

येझदीचं घराणं सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियातली: फ्रांतिशेक यानेचेक याने १९२९ मध्ये जर्मन वाँडरर कंपनीच्या मोटरसायकलींचा धंदा विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा हे नाव केलं. मुंबईच्या इराणी मंडळींनी या गाड्या आधी आयात केल्या. सरकारने परदेशी मालाची वाट अडवली तेव्हा फारोख आणि रुस्तम इराणी यांनी परवाना घेऊन म्हैसूरला कारखानाच काढला. आयडियल जावाची स्थापना १९६० ची. १९७३ पासून गाडीच्या टाकीवर जावाऐवजी येझदी हे नाव आलं. ते इराणातल्या यझ्द शहरावरून, पारशी-इराणी समाजाच्या जुन्या गावावरून. १९७८ मध्ये रोडकिंग आली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हापासून या गाड्यांच्या मागे उभी राहणारी कंपनी नाही. जगभरचे शौकीन जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करतात आणि पुण्या-मुंबईतही त्या दिवशी या गाड्यांची रांग निघते. ती रांग निघावी म्हणून आदल्या आठवड्यात कोणत्या गॅरेजात किती रात्री जागल्या, ते फोटोत येत नाही.

राजदूतची गोष्ट शहरी शौकाची नाही. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून १९६० च्या दशकात ही १७५ सीसीची गाडी आणली. तीन गिअर, जाड पत्रा, दुधाचे कॅन बांधायला भक्कम मागचा भाग. ‘बॉबी’ सिनेमात १९७३ मध्ये तिचं धाकटं रूप ऋषी कपूरच्या हाती आलं म्हणून ती तरुणांत गेली, पण तिचं खरं आयुष्य दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी घडवलं. तिचा क्लच जास्त मार खातो तो ओझ्यामुळे.

बुलेटचा न्याय निराळा. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये क्लच डावीकडच्या प्रायमरी केसमध्ये, गिअरबॉक्स वेगळा. ते भलंमोठं कव्हर एकाच नटवर बसतं. एक नट काढला की क्लच समोर. असं सोपं डिझाइन पाहून माणूस खूष होतो आणि काम संपवून कव्हर बसवतो तेव्हा कळतं की एका नटवर तेल अडवणं किती अवघड आहे. बुलेटखाली पत्र्याचा डबा ठेवायची पद्धत इथून आली. नट आवळून आवळून कव्हर वाकवणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

सकाळी सिंधीपुऱ्यात प्लेटा बसल्या. क्रम उतरवताना ठेवला होता तोच. स्प्रिंगा एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरच्या थोड्या थोड्या. मग कव्हर न लावताच लिव्हर दाबून धरला आणि दाबाची वरची प्लेट हाताने फिरवून पाहिली: सगळीकडून सारखी उचलली जाते का, की एका बाजूला डुलते? डुलली तर एका बाजूच्या प्लेटा सुटतात, दुसऱ्या बाजूच्या घासत राहतात. ही डुलणारी प्लेट मिस्त्रीने डोळा मिटून बोटाने पकडली. मागाचा धोटा बिघडल्याचं ऐकू येणाऱ्या गावात हे बोट कुठून आलं असेल, याचा तर्क वाचकांनी करावा.

चालवणाऱ्याच्या हातातही काही गोष्टी आहेत. या गाड्यांत किकचा जोर गिअरबॉक्समधून, क्लचमधून इंजिनाला जातो. म्हणून क्लच घसरत असेल तर किक पोकळ लागते. रस्त्यावर जायच्या आधीच निदान होतं. आणि त्याच रचनेचा फायदा असा की पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली आणि प्लेटा एकमेकींना चिकटल्या, तर क्लचचा लिव्हर दाबून धरून, इंजिन चालू न करता, किक दोनचारदा मारायची. प्लेटा सुटतात. मग पहिला गिअर टाकल्यावर गाडी बेडकासारखी उडी मारत नाही. हा उपाय जुन्या पुस्तकांतून आहे आणि फुकट आहे, त्यामुळे कोणी करत नाही.

*

सरकारलाही आता जुन्या गाड्यांची दखल घ्यावी लागली. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठीच रस्त्यावर आणायची.

यातून मजेशीर हिशेब निघतो. टाकीवर येझदी नाव पहिल्यांदा आलेल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली. पहिली रोडकिंग पन्नास वर्षांची होईल ती २०२८ मध्ये. तोवर ती नुसती म्हातारी गाडी, व्हिंटेज नाही. दुधाचा कॅन वाहणाऱ्या राजदूतला तर हा सन्मान परवडणारच नाही, कारण तो घेतला की रोज दूध घालायला जाता येणार नाही. आणि मूळ रूप म्हणायचं तरी कशाला? बूच ही संपणारी वस्तू आहे. साठच्या दशकातल्या गाडीत साठच्या दशकातलं बूच असेल तर ती गाडी एकतर कधीच चालली नाही, नाहीतर चालणार नाही. माझ्या मते मालकाने प्लेटांच्या बाबतीत मूळचा हट्ट धरू नये आणि दिव्यांच्या, टाकीच्या, दांड्याच्या बाबतीत तो सोडू नये. कोणी मूळच्या बुचाऐवजी आजच्या मिश्रणाच्या प्लेटा बसवतं. कव्हर बंद झाल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही आणि चढावर घसरत नाही. शुद्धतावाद्यांनी यावर भांडावं, त्यांना जुलैचा दुसरा रविवार मोकळा आहेच.

बऱ्हाणपूरहून इंदूरच्या वाटेला लागून पुढे गेलं तर पिथमपूर लागतं. फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर इथेच कायनेटिक होंडा बनवली, जिला डाव्या हाताला क्लचच नव्हता, गिअरही नव्हते. हातात फक्त मूठ. १९८४ ची ती गोष्ट. पुण्यातल्या किती मध्यमवर्गीय बायका त्या स्कूटरमुळे पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या, हा निराळ्या लेखाचा विषय. पुढे तो कारखाना महिंद्रांकडे गेला, आणि महिंद्रांच्या पाठिंब्यावरच्या क्लासिक लेजंड्सने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणल्या, त्याही पिथमपुरातूनच. नाव तेच, टाकीचं वळण ओळखीचं, आत फोर-स्ट्रोक इंजिन. तिचा कोणताही भाग म्हैसूरच्या जुन्या येझदीला बसत नाही. शोरूममध्ये जाऊन येझदीच्या क्लच प्लेटा मागणाऱ्या काकांना तिथला मुलगा नम्रपणे आधी मॉडेल विचारतो.

जुन्यांचा माल मिळतो तो वेगळ्या बाजारांत. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं करोल बाग. कुठेही गेलात तरी जुनी प्लेट बरोबर न्या, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून. फोटोवर विश्वास ठेवू नका, नुसतं मॉडेलचं नाव सांगूनही भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी कानांची रुंदी आणि प्लेटांची जाडी बदललेली असू शकते आणि काउंटरवरचा माणूस डब्यावरच्या छापील नावावर चालतो. नवी प्लेट जुनीवर ठेवा, कान कानावर येतात का पाहा. जाडी कॅलिपरने मोजा. कान हाऊसिंगच्या खाचेत ढिला बसेल अशी प्लेट घेऊ नका, मिस्त्री लाख म्हणाला की चालून जाईल. ढिला कान खाचेला ठोकत राहतो आणि सहा महिन्यांत कानशीचं काम पुन्हा उभं राहतं. घट्ट बसणारी घ्या, लागलं तर कान पॉलिश पेपरवर किंचित घासून घेता येतो. आणि एक संच जास्तीचा घेऊन ठेवा, तेल लावून पिशवीत बांधून. कोरडा ठेवू नका.